देशोदेशीचे नवे सूर : लांजीहून एक परामर्श

नव्या संगीताची शिफारस करणे हे काम वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. परंतु आपल्याकडे त्यावरून मोठे वाद झालेले आहेत. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले आणि रागसंगीताचा आग्रह धरला. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि गावोगावचे श्रोते अमीन सायानींना पत्रे धाडू लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीलाही चित्रपटगीतांस दार उघडावे लागले. केसकरांची शिफारस हुकुमाची होती, सायानींची बहुमताची. आता तिसरी एक रीत रूढ झाली आहे. खिशातला फोन आपण काल काय ऐकले याची नोंद ठेवतो आणि त्याच्यासारखेच आणखी काही आज पुढे करतो. या तिन्ही रीतींत एक उणीव समान आहे : अमुक गाणे का ऐकावे हे श्रोत्याला सांगण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. ती जबाबदारी टीकाकाराची आहे, असे आम्ही मानतो. गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांत प्रसिद्ध झालेल्या पाच ध्वनिमुद्रिका आणि एक सुटे गीत यांची शिफारस आम्ही येथे करीत आहोत, ती कारणांसह.

आमच्या गोमंतकीय व कोकणी वाचकांस लांजी हे नाव ऐकून रत्नागिरी जिल्ह्यातील लांजे आठवण्याचा संभव आहे. ही लांजी ती नव्हे. मध्यप्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील हे तहसिलीचे गाव. येथे जुना किल्ला आहे, लांजकाई देवी आहे, कोटेश्वराचे शिवालय आहे. एके काळी येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. महाराष्ट्रातील आमगाव आणि सालेकसा ही ठिकाणे येथून जवळ, तर पूर्वेच्या डोंगरापलीकडे खैरागड. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. सरहद्द आखली गेली, पण बोली मात्र तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या राहिल्या. बाजाराच्या दिवशी येथे पोवारी, मराठी, हिंदी, गोंडी आणि छत्तीसगढी एकाच रस्त्यावर कानी पडतात.

अशा गावात बसून जगाचे संगीत ऐकणाऱ्यास एक कसोटी आपोआप हाती येते. १९८७ साली लंडनमध्ये काही ध्वनिमुद्रिका-व्यावसायिक एकत्र जमले आणि युरोप-अमेरिकेबाहेरच्या संगीतास दुकानात एक फळी मिळावी म्हणून ‘वर्ल्ड म्यूझिक’ हे नाव त्यांनी ठरविले. विक्रीच्या सोयीसाठी काढलेले ते नाव पुढे जणू एखाद्या संगीतप्रकाराचे नाव होऊन बसले. २०२० साली ग्रॅमी पारितोषिकांच्या संस्थेने ते बदलून ‘ग्लोबल’ केले, म्हणजे फळीवरची पाटी तेवढी बदलली. पण पाच बोलींच्या बाजारात वावरणाऱ्या माणसास ठाऊक असते की ‘जगाचे’ असे गाणे कोठेच नसते. प्रत्येक गाण्याला एक बोली असते, एक वाट असते आणि ते कोणाकडून कोणाकडे आले याचा एक इतिहास असतो. हा इतिहास ज्या नव्या संगीतात जिवंत आहे, ते आम्ही शिफारसयोग्य समजतो.

पहिली शिफारस नायजर देशातील म्दू मोक्तार या गायक-वादकाच्या ‘टिअर्स ऑफ इन्जस्टिस’ या २०२५ च्या ध्वनिमुद्रिकेची. हा कलावंत सहाराच्या वाळवंटातील तुआरेग समाजाचा असून तमाशेक भाषेत गातो. पहिली गिटार त्याने स्वतःच बनविली आणि तिला तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. त्याची आरंभीची गाणी कोणत्याही कंपनीने पसरविली नाहीत. साहेल प्रदेशातील लोकांच्या मोबाइल फोनांच्या मेमरी कार्डांवरून ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली. फोनच्या दुकानात कार्डावर गाणी भरून घेण्याची रीत आपल्या तालुक्याच्या गावांनीही पाहिलेली आहे. त्यामुळे हा प्रवास येथील वाचकांस परका वाटू नये. २०२४ साली त्याची ‘फ्यूनरल फॉर जस्टिस’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. विजेच्या गिटारचा तीव्र, धावता नाद हे तिचे वैशिष्ट्य. त्याआधी, जुलै २०२३ मध्ये, हा संच अमेरिकेच्या दौऱ्यावर असता नायजरमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि मंडळींचा परतीचा मार्ग बंद झाला. त्या अडकलेल्या दिवसांत त्यांनी हीच गाणी साध्या गिटारींवर, संथ लयीत, पुन्हा मुद्रित केली. तीच ही दुसरी ध्वनिमुद्रिका. दोन्ही एकापाठोपाठ ऐकाव्यात. जी चाल आधी संतापाची वाटली होती, तीच नंतर घर अंतरलेल्या माणसाच्या शोकाची वाटते. शब्द एक, स्वरही बव्हंशी तेच. बदलली ती लय आणि वाद्याची जात. भावपरिवर्तनाचा इतका स्वच्छ पाठ अन्यत्र क्वचितच मिळेल. उणीव सांगावयाची तर तालांचे वैविध्य कमी आहे, आणि उत्तरार्धात कान थोडा थकतो.

दुसरी शिफारस गोमंतकीय वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची ठरेल. पोर्तुगालची फादु-गायिका कार्मिन्यु हिची ‘पोर्तुगेझा’ ही ध्वनिमुद्रिका २०२३ साली प्रसिद्ध झाली. फादु या गानप्रकारास २०११ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि तेव्हापासून तो काचेच्या कपाटात जाऊन बसतो की काय अशी भीती होती. कार्मिन्युने ती पुष्कळशी दूर केली आहे. पारंपरिक फादुची रीत अशी की काही ठरलेल्या चाली परंपरेने चालत आलेल्या असतात, आणि गायक त्यांवर वृत्तात बसणारी नवी कविता गातो. म्हणजे ज्यास आपण ‘अमक्याच्या चालीवर’ म्हणतो, तोच प्रकार. या संग्रहातील ‘उ क्वार्तु’ म्हणजे ‘खोली’ हे गीत आल्फ्रेदु मार्सनेरु यांच्या जुन्या चालीवर आहे. १८९१ साली जन्मलेल्या या थोर गायकाचा व्यवसाय सुतारकामाचा. मार्सनेरु हे त्या धंद्याचेच नाव. २०२३ च्या ‘पुअर थिंग्ज’ या चित्रपटात कार्मिन्यु हेच गीत गाताना दिसते. बारा तारांची पोर्तुगीज गिटार आवाजाच्या मागे न राहता त्याच्याशी संवाद करीत जाते, हे मुद्दाम लक्ष देऊन ऐकावे. फोंड्याच्या सोनिया शिरसाट यांनी गोव्यात फादु पुन्हा मैफिलीत आणला आहे. त्यांचे गायन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना येथे मूळ घराची आजची स्थिती कळेल. मांडो आणि फादु यांतले नाते किती आणि अंतर किती, याचाही विचार करावासा वाटेल. आमची तक्रार एवढीच की काही ठिकाणी स्टुडिओतील इतर वाद्ये विनाकारण डोकावतात. ती नसती तरी चालले असते.

पोर्तुगालात जुनी चाल नव्या शब्दांस भेटली. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत जुने शब्द नव्या चालीस भेटतात. अरूज आफताब या गायिकेचा जन्म रियाधचा, बालपण लाहोरचे, कार्यक्षेत्र न्यूयॉर्क. २०२२ साली ग्रॅमी मिळविणारी ती पहिली पाकिस्तानी कलावंत. तिच्या ‘नाइट रेन’ (२०२४) या संग्रहाचे नाव ऐकून पाऊस मनात आणू नये. येथे अर्थ आहे रात्रीचे राज्य. यातील दोन गीते, ‘ना गुल’ आणि ‘साकी’, माह लका बाई चंदा हिच्या काव्यावर आधारलेली आहेत. ही अठराव्या शतकातील हैदराबादची गायिका, नर्तकी आणि कवयित्री. १८२४ साली ती निवर्तली. उर्दूत ज्यांच्या कवितांचा दिवाण सिद्ध झाला अशा आरंभीच्या स्त्रियांत तिची गणना होते. म्हणजे लाहोरच्या मुलीने न्यूयॉर्कमध्ये गायिलेले शब्द मुळात आपल्या दख्खनचे आहेत. हे ध्यानात घेतल्यावर या संगीताकडे ‘परदेशी’ म्हणून पाहणे कठीण होते. आफताबचा आवाज खालच्या सप्तकात रमणारा, जपून खर्च केलेला आहे. ती तान घेण्याची घाई करीत नाही. एकेका स्वरावर थांबते, आणि हार्प, गिटार, पियानो यांच्या मोकळ्या जागांत शब्द ठेवीत जाते. ‘साकी’त विजय अय्यर यांच्या पियानोची साथ आहे. रागदारीच्या श्रोत्यास येथे बढत हवी तितकी मिळणार नाही, आणि सर्व गीतांचा रंग एकच, निळा-काळा, असल्याने एका बैठकीत संपूर्ण संग्रह ऐकणे आम्हांस जड गेले. दोन दोन गीते, रात्री निजानीज झाल्यावर, ही पद्धत बरी.

चौथी शिफारस गानव्या या गायिकेच्या ‘डॉटर ऑफ अ टेम्पल’ (२०२४) ची. जन्म न्यूयॉर्कचा, वाढ तामिळनाडूची, आणि शिक्षण हरिकथेचे व यात्रेच्या वाटेवरील भजनाचे. तामिळ हरिकथेवर तंजावरच्या मराठी राजवटीत रुजलेल्या कीर्तनाचा ठसा आहे, हे संगीताचे इतिहासकार मान्य करतात. तंजावर कृष्ण भागवतर यांनी एकोणिसाव्या शतकात तिला जे रूप दिले, त्यात महाराष्ट्रीय कीर्तनकारांकडून घेतलेले पुष्कळ आहे. तेव्हा या गायिकेच्या मागे एक लांबचे मराठी अंगण आहे. तिने ह्यूस्टन येथे तीसहून अधिक कलावंतांना एकत्र बोलावले. त्या जमावाच्या गाण्या-बोलण्यातून ही ध्वनिमुद्रिका घडली. अ‍ॅलिस कोल्ट्रेन या जॅझ-वादिकेने पुढील आयुष्यात आश्रम स्थापून भजने रचली होती. तिच्या स्मृतीस हे सारे वाहिलेले आहे. श्रोत्यांसाठी मांडलेल्या कार्यक्रमाचे स्वरूप यास नाही. माणसे एकत्र बसली आहेत, कोणी आरंभ करतो, बाकीचे उचलून धरतात, मध्येच कोणी बोलते. टाळकऱ्यांच्या मेळ्यात बसलेल्या माणसास हे नवे नाही. जॅझ आणि भजन यांचे मीलन म्हणून याची जाहिरात होते, पण आम्हांस त्यातील मर्म निराळे वाटते. समूहात गाताना चूक-बरोबर यांपेक्षा सामील होणे महत्त्वाचे असते, ही भजनाची नीती येथे स्टुडिओच्या युगात पुन्हा मान्य झाली आहे. तथापि संकलनात अधिक कठोरपणा हवा होता. काही भाग तेथे हजर असलेल्यांनाच रुचतील असे आहेत.

येथवरची यादी वाचून हे सदर केवळ गंभीरांसाठी आहे असा ग्रह होऊ नये, म्हणून आपल्याच अंगणातील एक गीत घेतो. जळगाव जिल्ह्यातील संजू राठोड याचे ‘गुलाबी साडी’ हे मराठी गीत २०२४ च्या आरंभी आले आणि पाहता पाहता देशभर वाजू लागले. ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही अशांच्या वराती त्यावर नाचल्या. त्यावर नाके मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ठेका साधा पण पक्का आहे, तोंडात बसणारे ध्रुपद आहे, आणि शब्दांत बोलीचा लाडिकपणा आहे. मुख्य म्हणजे बाहेरच्या श्रोत्यास कळावे म्हणून त्याने भाषा सोडली नाही. छोट्या चित्रफितींच्या मापाने बेतलेले असल्यामुळे पहिल्या मिनिटात जे सांगावयाचे ते सांगून होते, आणि पुढे पुनरुक्ती राहते. ही त्याची मर्यादा. पण वाळवंटातल्या तमाशेक गीताने जे सिद्ध केले, तेच या लग्नातल्या गीतानेही केले आहे : श्रोता भाषेला भीत नाही. भितात ते मध्यस्थ.

शेवटची शिफारस आयर्लंडची. डब्लिनच्या लँकम या चौघांच्या संचाने २०२३ साली ‘फॉल्स लँकम’ ही ध्वनिमुद्रिका काढली. जुनी आयरिश कथागीते घेऊन त्यांखाली बाजाच्या पेटीचा, पाइपचा आणि व्हायोलिनचा एक सलग, घोगरा, जड स्वर धरून ठेवायचा, अशी यांची शैली. आपला तंबोरा गायकाला आधार देतो. यांचा षड्ज गायकाला घेरतो. ‘गो डिग माय ग्रेव्ह’ या पहिल्याच गीतात राडी पीट हिचा अनलंकृत, करडा आवाज त्या घेऱ्यातून वर येतो, आणि गीताच्या अखेरीस वाद्ये जणू स्वतःच आक्रंदू लागतात. हे गोड संगीत नव्हे. घरात लहान मुले असता मोठ्याने लावू नये. परंतु शोकगीताला शोकाचे वजन परत मिळवून देणारे इतके प्रामाणिक संगीत आम्ही अलीकडे ऐकलेले नाही.

या संचाच्या नावाची कथा मात्र आमच्या दृष्टीने त्याच्या संगीताइतकीच महत्त्वाची आहे. ‘फॉल्स लँकम’ हे एका जुन्या कथागीताचे नाव. जॉन रायली नावाचा एक गायक ते गात असे. तो आयर्लंडच्या भटक्या जमातीतला, गरीब, समाजाच्या कडेला जगलेला माणूस. १९६० नंतरच्या दशकात टॉम मनेली या संग्राहकाने त्याची गाणी ध्वनिफितीवर उतरवून घेतली. १९६९ साली रायली वारला. फीत राहिली. ती पुढच्या पिढ्यांनी ऐकली, आणि अर्ध्या शतकानंतर चार तरुणांनी आपल्या संचाला त्या गाण्यातले नाव दिले. मनेलीने तेव्हा ‘पुढे पाहू’ म्हटले असते, तर रायलीचे गाणे त्याच्याबरोबरच गेले असते.

आता लांजीकडे पाहू. येथील पोवार घरांत लग्नविधींच्या वेळी बायका पोवारीत गीते म्हणतात. गोंड वस्त्यांत कर्मा, सैला, रीना यांची गाणी आहेत. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस दंडार खेळली जाते, भजनी मंडळे आहेत. यांतले किती ध्वनिमुद्रित झाले आहे? व्हेरिअर एल्विन आणि श्यामराव हिवाळे यांनी १९४४ साली ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ हा ग्रंथ काढला. मैकल रांगांतील गोंड-बैगांच्या गीतांना त्याने इंग्रजी वाचकांपुढे नेले, आणि त्यांचे हे ऋण मोठे आहे. पण भाषांतरात मूळ बोली राहत नाही, आणि कागदावर आवाज उतरत नाही. पोवारी ही तर जनगणनेत हिंदीच्या पोटात मोजली जाते. आमच्या कोकणी वाचकांस या स्थितीचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीस स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली आठव्या परिशिष्टात आली. त्या वादाच्या खोलात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. एवढेच दाखवावयाचे आहे की या मान्यतेच्या पुष्कळ आधीपासून कोकणी कांतारे तबकड्यांवर होती. क्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या गाण्यांवर २०१४ साली ‘नाचूंया कुंपासार’ हा चित्रपट उभा राहू शकला, कारण ती गाणी मुद्रित झालेली होती.

जे काम मनेलीने जड यंत्र वागवीत केले, त्याचे यंत्र आज लांजीच्या प्रत्येक घरात आहे. फोन हे केवळ संगीत आणणारे साधन नव्हे, ते संगीत टिपणारेही साधन आहे. पथ्ये थोडीच पाळावयाची आहेत. गाणाऱ्या बाईची परवानगी घ्यावी. तिचे नाव, गाव, बोली आणि गाण्याचा प्रसंग आरंभी तिच्याच तोंडून वदवून घ्यावा. गीत अर्ध्यावर तोडू नये. आणि मागाहून त्यावर कीबोर्डचा ठेका चढवू नये. लग्नाच्या मांडवात हल्ली ध्वनिक्षेपकाचा आवाज इतका असतो की बायकांचे गाणे शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. तेव्हा निराळ्या दिवशी, निवांतपणे घरी बसून मुद्रण करावे. डोंगरापलीकडे खैरागडास १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारख्या पंडिताने त्याच्या आरंभकाळात कुलगुरुपद भूषविले. लांजीच्या तरुणांनी जमविलेल्या मुद्रणांना अशा विद्यापीठाच्या संग्रहात जागा मिळावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

असो. वाचकांनी प्रथम म्दू मोक्तारची दोन्ही रूपे ऐकावीत, मग कार्मिन्यु, रात्री आफताब, एखाद्या सुट्टीच्या सकाळी गानव्या, तेही चारचौघांत बसून, ‘गुलाबी साडी’ कोणी ऐकविण्याची वाट पाहावी लागणार नाही, आणि मन घट्ट करून लँकम. ऐकताना प्रत्येक वेळी एवढेच विचारावे की हे गाणे कोणाकडून आले आणि ते कोणी जपले. तोच प्रश्न मग आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस विचारावा, आणि ती गाऊ लागली की फोन तिच्यासमोर ठेवावा. पुढील वर्षीच्या परामर्शात एक तरी ध्वनिमुद्रिका लांजीची असावी, आणि तिच्या गुणदोषांची चर्चा आम्हांस याच कठोरपणे करता यावी, अशी आमची इच्छा आहे.